ती वाईन ९ डॉलरची होती, सांगून टाकू का?

पत्र थोडक्यात असं आहे. कॅलिफोर्नियात, बे एरियात राहणारी एक वाचक, वय ३९. सहा मराठी कुटुंबांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाकडे तरी जेवण असतं. दोनेक वर्षांपासून सगळ्यांना वाईनचं वेड लागलंय. त्यातल्या एका मित्राकडे (त्याला आपण जाणकार म्हणू) वाईनचा वेगळा फ्रिज आहे, नापाच्या (कॅलिफोर्नियातला वाईनसाठी नावाजलेला भाग) दोन वायनऱ्यांचा तो मेंबर आहे आणि ६०-७० डॉलरच्या खालची बाटली तो आणत नाही. मागे एका कुटुंबाने ग्रोसरीतली वाईन आणली तर 'ही मटणात घाला' अशी त्यांची थट्टा झाली होती. म्हणून हिने आपल्याकडच्या जेवणाला एक युक्ती केली. घरी नेहमी आणते ती ग्रोसरी स्टोअरमधली ९ डॉलरची पेटिट सिरा (एक गडद लाल वाईन) डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून ठेवली आणि बाटली रिसायकलिंगच्या डब्यात, पेपरांच्या खाली. जाणकाराने ती तीनदा मागून घेतली, 'नापाची ना? पन्नासच्या खाली नसणार' असंही म्हणाला. ही नुसती हसली. आता ग्रुपवर सगळे नाव विचारतायत. नवरा म्हणतो, कोणीतरी भेट दिली होती म्हण आणि विषय संपव. बहीण म्हणते, सगळ्यांसमोर सांग आणि त्याची जिरव. हिचे प्रश्न दोन: काय करू? आणि मला अशी जाड, गडद आणि वर स्वस्तातली वाईनच आवडते, तर माझी चवच वाईट आहे का?

अगं, तुझं पत्र वाचून आधी मी मनसोक्त हसले, त्याबद्दल सॉरी, आणि मग परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुला खरंच झोप लागत नाहीये. तू मला ताई म्हटलंयस म्हणून मी पण सरळ तूच म्हणते.

पत्रात तू एक वाक्य लिहिलंस आणि लगेच दुसऱ्या विषयावर पळालीस. 'तो तिसऱ्यांदा ग्लास पुढे करत होता तेव्हा मनातून जाम मजा आली.' मला वाटतं तुला जे टोचतंय ते तिथे आहे. कारण खोटं तर तू अजून बोललीच नाहीयेस, किंमत कोणी विचारली नाही, तू सांगितली नाहीस, नापा तोच म्हणाला, पन्नास डॉलर पण तोच म्हणाला, आणि पाहुण्याला ताटातल्या भाजीचा भाव कोण सांगत बसतं? डिकँटरमध्ये ओतणं ही तर अजिबात फसवणूक नाही, पेटिट सिरासारखी तरुण, तुरट वाईन अर्धा-पाऊण तास हवेवर ठेवली की खरंच मवाळ होते, तू नकळत बरोबर केलंस. पण बाटली पेपरांच्या खाली सरकवलीस ना, ते मात्र लपवणं होतं, आणि ते तुलाही माहितीये. ते का करावंसं वाटलं, तर त्या दुसऱ्या कुटुंबाची झालेली थट्टा. त्या दिवशी तू पण हसली होतीस का गं? पत्रात ते नाहीये. मी असते तर बहुतेक हसले असते, कारण ग्रुपमध्ये सगळे हसतात तेव्हा माणूस हसतो, आणि घरी येऊन आपल्या कपाटातली तीच बाटली मागे सरकवतो.

आता त्या जाणकाराबद्दल. तू गृहीत धरलंयस की तो तोंडावर पडला, त्याला काही कळत नाही हे सिद्ध झालं. मला नाही तसं वाटत. त्याने ग्लास नाकाला लावला आणि त्याला गडद रंग, पिकलेल्या काळ्या फळांचा वास, तोंडात भरून राहणारी वाईन असं सगळं जाणवलं, आणि ते सगळं त्या ग्लासात होतंच. पेटिट सिरा म्हणजे मुळात ड्युरिफ, फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात ड्युरिफ नावाच्या माणसाच्या नर्सरीत सिरा आणि पेलुर्सां या दोन जातींच्या संकरातून आलेलं द्राक्ष. मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाईनमधला रंग आणि तुरटपणा दोन्ही मुख्यतः सालीतून येतात. फ्रान्समध्ये फार कोणी विचारलं नाही, कॅलिफोर्नियात येऊन ते रुजलं. आणि इथल्या वायनऱ्यांची जुनी सवय अशी की कॅबर्ने किंवा झिनफंडेल (या पण लाल वाईनच) फिकी, पातळ वाटली की त्यात थोडी पेटिट सिरा घालायची. कायद्याला ते चालतं, लेबलवर कॅबर्ने लिहायला ७५ टक्के कॅबर्ने पुरते, उरलेल्या पंचवीसमध्ये काय घातलं ते सांगायची सक्ती नाही. म्हणजे बघ, त्याच्या आवडत्या ७० डॉलरच्या बाटल्यांपैकी एखादीत तुझ्या ९ डॉलरवालीची बहीण बसलेली असू शकते. त्याची जीभ चुकली नाही, किमतीचा अंदाज तेवढा चुकला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याच्याशी बोलताना तुला हे वाक्य लागणार आहे.

नवऱ्याचा सल्ला मी एका ओळीत निकालात काढते. भेट म्हटलं की कोणी दिली, कुठली वायनरी, आपण सगळे मिळून जाऊया का, इथपर्यंत ते प्रकरण जातं आणि मग एका रविवारी तू सहा कुटुंबांना घेऊन अस्तित्वात नसलेल्या वायनरीच्या शोधात गाडी चालवत असशील.

बहिणीचा सल्ला जास्त मोहाचा आहे. जिरवायची. त्यावर एक जुनी गोष्ट ऐक. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर नावाच्या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना बसवून लेबलं झाकून वाईन चाखायला दिल्या, काही फ्रान्सच्या नावाजलेल्या आणि बाकी कॅलिफोर्नियाच्या, ज्यांना तेव्हा तिकडे कोणी मोजत नव्हतं. लाल वाईनमध्ये पहिली आली नापाची स्टॅग्ज लीप, १९७३ सालची, पांढऱ्यामध्ये पण नापाचीच शातो माँटेलेना. निकाल लागल्यावर एका परीक्षक बाईंनी आपले मार्कांचे कागद परत मागितले म्हणतात. आज तुमच्या ग्रुपमध्ये ज्या नापाचं नाव घेतलं की सगळे मान डोलावतात तीच नापा तेव्हा पॅरिसच्या टेबलावर तुझ्या ग्रोसरीवाल्या बाटलीच्या जागी होती. मला त्या गोष्टीत कॅलिफोर्निया जिंकल्यापेक्षा त्या कागद परत मागणाऱ्या बाई जास्त लक्षात राहतात. चार लोकांसमोर चुकीचं ठरलेला माणूस वाईनचा विचार करत नाही, तो आपले कागद परत मागतो. तुला तुझा मित्र तसा बघायचाय का? आणि खरं सांगू, त्याच्या बायकोला पण तिथे बसायचंय, तुझ्याच टेबलावर.

मग मी काय करीन ते सांगते. ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला फोन करीन. मेसेज नको, फोन. 'अरे तुला ती वाईन आवडली ना, तुला आधी सांगते, ती आपल्या कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतली ९ डॉलरची पेटिट सिरा आहे. त्या दिवशी सांगायला मला लाज वाटली, त्या लोकांची थट्टा झाली होती ना मागे, म्हणून. पण तू नापा म्हणालास ते अगदीच काही चुकीचं नाही, ही घालतात म्हणे तिथल्या कॅबर्नेत.' बस. तो हसला तर छानच, जरा चिडला तर चिडू दे, दोन दिवसात उतरेल. मग ग्रुपवर बाटलीचा फोटो, दुकानाचं नाव, किंमत, आणि 'सांगायला लाजले होते' हे तीन शब्द. ते तीन शब्द गाळू नकोस, नाहीतर तोच फोटो टोमणा वाटेल. आणि ज्यांची थट्टा झाली होती त्या मैत्रिणीला वेगळं काहीतरी बोल, मी हसले होते सॉरी, किंवा मी गप्प बसले होते सॉरी, जे काय झालं असेल ते.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. स्वस्त आणि जाड आवडते म्हणजे चव वाईट का.

'फुल बॉडीड' हा शब्द लोक 'भारी' या अर्थाने वापरतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. तो दर्जाचा शब्दच नाही, वजनाचा आहे. गाईचं दूध आणि म्हशीचं दूध तोंडात घेऊन बघ, चव बाजूला ठेव, नुसतं वजन बघ, म्हशीचं दूध जिभेवर बसतं, गाईचं वाहून जातं. बॉडी म्हणजे ते. ताक आणि लस्सी म्हण, वरण आणि डाळीचं गोळा वरण म्हण. कोणी ताकाला लस्सीपेक्षा कमी प्रतीचं म्हणतं का? वाईनमध्ये हे वजन मुख्यतः अल्कोहोलमधून येतं, शिवाय तुरटपणा, सालीतून उतरलेला अर्क आणि साखर उरली असेल तर ती. पिनो न्वार ही लाल वाईन हलकी असते आणि जगातल्या सर्वात महागड्या बाटल्यांमध्ये तीच असते, तुझी पेटिट सिरा जड असते आणि ९ डॉलरला मिळते. त्यामुळे तुला जड आवडते यातून तुझ्याबद्दल एवढंच कळतं की तुला म्हशीचं दूध आवडतं.

किमतीचं काय? इथे मी तुला खूश करणारं काही बोलणार नाहीये. 'महागडं सगळं थोतांड असतं' हे म्हणायला आपल्याला मजा येते, विशेषतः आपण नुकतेच जिंकलो असू तर. पण एक हिशोब बघ. वाईन मुरवायचं, ओकच्या लाकडाचं नवं फ्रेंच पिंप साधारण हजार डॉलरच्या घरात जातं, त्यात २२५ लिटर वाईन मावते म्हणजे ३०० बाटल्या. म्हणजे नुसत्या लाकडाचे बाटलीमागे तीनेक डॉलर झाले, द्राक्षं अजून बाकीच आहेत. ९ डॉलरच्या बाटलीत ते परवडूच शकत नाही, म्हणून तिथे बहुतेकदा स्टीलच्या टाकीत ओकच्या पट्ट्या किंवा चिप्स बुडवतात, चहाच्या पिशवीसारखं. चव येते, पण वेगळी येते, जरा वरवर राहते. नापाची जमीन महाग, पीक कमी, मजुरी जास्त, ते सगळं किमतीत येतं. १० डॉलर आणि २५ डॉलर यात बरेचदा खरंच फरक लागतो, मला तरी लागतो. ७० आणि १२० मध्ये लागतो का? मला नाही लागत, आणि मी बरीच वर्षं पितेय.

आणि किंमत माहिती असली की ती जिभेत घुसते हे पण खरं आहे. २००८ मध्ये कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाईन दिली, तीच वाईन एकदा १० डॉलरची सांगून आणि एकदा ९० ची सांगून. ९० म्हटल्यावर लोकांना जास्त आवडली एवढंच नाही, मेंदूतला सुखाशी संबंधित भाग पण खरोखर जास्त चालू झाला. म्हणजे ते नाटक करत नव्हते. तुझ्या मित्राला त्याच्या ७० डॉलरच्या बाटलीत मिळणारा आनंद खोटा नाहीये, तसा तुझ्या डिकँटरमधला पण नव्हता. त्याच वर्षी अजून एक अभ्यास आला, लेबलं झाकून सहा हजारांवर चाखण्यांचा, त्यात ज्यांनी वाईनचं शिक्षण घेतलेलं नाही अशा लोकांना महागडी वाईन सरासरीने किंचित कमीच आवडली. शिकलेल्यांना मात्र तसं झालं नाही. म्हणजे महागड्या वाईनमध्ये काहीतरी असतं जे शिकल्यावर लागायला लागतं, आपल्या शास्त्रीय गाण्यासारखं, आणि ते शिकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

तुला शिकायचं असेल तर चाखण्याबद्दल थोडं सांगते, पण पुस्तकी नको. तू लिहिलंयस की 'मला ब्लॅकबेरी, कॅसिस, सीडर असले वास येतच नाहीत'. कसे येतील? लहानपणी कॅसिस, म्हणजे ब्लॅककरंट, कोणी खाल्लंय? तू जांभळं खाल्लीस, करवंदं खाल्लीस, कोकमाचं सार प्यायलीस, आज्जीच्या लवंगांच्या डबीत नाक घातलंस. तेच वास शोध. लाकडात मुरलेल्या वाईनमध्ये लवंगेचा वास आला तर तो भास नाही, ओकमध्ये खरोखर तोच पदार्थ असतो जो लवंगेत असतो, युजेनॉल. व्हॅनिला पण लाकडातूनच. सिरामध्ये काळी मिरी जाणवली तर तेही खरं, मिरीतला तो घटक द्राक्षाच्या सालीत सापडलाय. पेटिट सिरा तर मला जांभूळच वाटते, तोच रंग, तोच घसा धरणारा तुरटपणा, आणि नंतर जीभ बाहेर काढून एकमेकांना दाखवायची सोय.

तुरट हा शब्द आपल्याकडे आहे हे केवढं बरं आहे माहितीये का. इथे लोक तुरट वाईनला 'ड्राय' म्हणतात आणि फसतात, कारण ड्राय म्हणजे नुसतं गोड नसलेली. तुरटपणा वेगळा, आंबटपणा वेगळा, कडू वेगळं, षड्रसात आपण हे कधीच वेगळं करून ठेवलंय. एक घोट घे, तोंडात फिरव, गिळ, आणि क्रमाने बघ. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा. हिरड्या आणि गालाचा आतला भाग कच्चं केळं खाल्ल्यासारखा ओढला गेला तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा. घशात ऊब आली तर अल्कोहोल. मग वजन, गाय की म्हैस. आणि गिळल्यानंतर मनातल्या मनात आकडे मोजत चव किती वेळ राहते ते बघ, स्वस्त आणि चांगली यातला फरक मला बहुतेक वेळा इथे सापडतो, स्वस्त वाईन सुरुवातीला जोरात येते आणि मग एकदम निघून जाते, ट्रेलर चांगला असलेल्या पिक्चरसारखी. तुझी ९ डॉलरवाली किती वेळ राहते ते मोजून मला कळव.

दोन चुका सगळेच करतात. एक म्हणजे लाल वाईन 'रूम टेंपरेचरला' ठेवायची. हे युरोपातल्या जुन्या थंड घरांचं तापमान, १६ ते १८ अंश. बे एरियातलं सप्टेंबरमधलं किचन नव्हे आणि पुण्यातला एप्रिल तर नव्हेच. गरम झालेली १५ टक्के अल्कोहोलची वाईन नुसती स्पिरिटसारखी लागते. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, त्याच बाटलीची इज्जत वाढते. दुसरी चूक म्हणजे ग्लास काठोकाठ भरणं, तिसरा भाग भर, वास फिरायला जागा लागते.

ग्रोसरीच्या मांडणीसमोर उभी असतेस तेव्हा काय बघायचं? आपल्याला हे हापूसमुळे आधीच येतं. पेटीवर नुसतं 'हापूस' लिहिलं असेल तर आपण विचारतो कुठला, देवगडचा की रत्नागिरीचा, की कर्नाटकातून आलाय आणि पेटी देवगडची आहे. तसंच इथे, लेबलवर नुसतं 'कॅलिफोर्निया' असेल तर द्राक्षं राज्यातल्या कुठल्याही कोपऱ्यातली असू शकतात, बहुधा सेंट्रल व्हॅलीच्या तापलेल्या सपाटीवरची. 'लोदी' किंवा 'पासो रोब्लेस' लिहिलं असेल तर निदान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच लागतात. त्याच किमतीत जागेचं नाव जितकं नेमकं तितकं मला बरं वाटतं. मागे अल्कोहोलचा आकडा बघ, १४.५ च्या वर असेल तर वाईन बहुधा जड असणार, पण त्या आकड्याला एकेक टक्का इकडे तिकडे चालतो त्यामुळे फार श्रद्धा ठेवू नकोस. 'रिझर्व्ह' आणि 'ओल्ड व्हाईन' या शब्दांना अमेरिकेत कायद्याने काही अर्थ नाही, कोणीही लिहू शकतो. स्पेनचं तसं नाही, रिओहाच्या बाटलीवर रेसेर्वा लिहिलं असेल तर ती तीन वर्षं मुरलेली असते, त्यातलं निदान एक वर्ष लाकडात, आणि अशी बाटली ग्रोसरीत १५-१८ डॉलरला सापडते तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटतं. तुला जड आवडतं तर स्पेनचीच हुमियाची मोनास्त्रेल, अर्जेंटिनाच्या मेंदोसाची माल्बेक, पोर्तुगालच्या दोरूच्या लाल वाईन, इटलीच्या पुलियाची प्रिमितिव्हो हे सगळं दहा-बारा डॉलरच्या आसपास बघ. प्रिमितिव्हो आणि कॅलिफोर्नियाची झिनफंडेल हे एकच द्राक्ष आहे बरं का, डीएनएवरून कळलं, मूळचं क्रोएशियाचं. स्क्रू कॅप दिसली म्हणून नाक मुरडू नकोस, उलट बुचाची बुरशी लागून वाईन खराब व्हायची भीती नाही. आणि नुसतं 'रेड ब्लेंड' लिहिलेल्या, काळ्या-सोनेरी लेबलच्या बाटल्यांपासून जरा सावध, त्यातल्या बऱ्याच वाईनमध्ये साखर ठेवलेली असते आणि तीच आपल्याला जाडी वाटते.

स्वस्ताला कोणी कमी लेखलं तर एक किस्सा खिशात ठेव. ट्रेडर जोज या ग्रोसरी दुकानांमध्ये २००२ साली १.९९ डॉलरला चार्ल्स शॉ वाईन आली, लोक तिला टू बक चक (दोन डॉलरचा चार्ल्स) म्हणायला लागले. २००७ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाईन स्पर्धेत लेबलं झाकून चाखली तेव्हा तिच्या शारडोनेला (ही पांढरी वाईन) राज्यातली सर्वोत्तम शारडोने ठरवलं. मात्र याच स्पर्धेच्या परीक्षकांवर एका वायनरीवाल्या प्रोफेसरांनी, रॉबर्ट हॉजसन यांनी, अभ्यास केला, एकाच बाटलीतली वाईन तीन वेगवेगळ्या ग्लासांत नकळत दिली तर बहुतेक परीक्षकांचे मार्क चारेक गुणांनी वरखाली व्हायचे. म्हणजे मेडल पण जरा सांभाळूनच घे, स्वस्तवालीचं असो की महागवालीचं.

तिकडे पुण्या-नाशकातून वाचणाऱ्यांसाठी, तुमच्याकडे हा प्रश्न अजून या रूपात आलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, विरोध इतका झाला की ते तिथंच अडकलं. अमेरिकेत पण सगळीकडे एक नियम नाही, न्यूयॉर्कमध्ये ग्रोसरीत वाईन मिळत नाही, कॅलिफोर्नियात कोथिंबिरीच्या गड्डीपासून वीस पावलांवर असते. पण चाखायची रीत तीच, नाशिकच्या शिराझलाही लागू.

आता पुढचं जेवण, तुमच्याकडे परत कधीतरी येईलच. तेव्हा लेबलं झाकून चाखा, आणि ही कल्पना त्या जाणकारालाच मांडायला लाव, तो आनंदाने करेल. चार बाटल्या, ब्राऊन पेपर बॅगा, मानेचा फॉईल पण काढायचा नाहीतर त्यावरून ओळखू येतं. जो त्या दिवशी गाडी चालवणार आहे त्याने नंबर घालायचे, म्हणजे न पिणाऱ्याला पण काम मिळतं. एकच वाईन दोन नंबरांखाली ठेवा, कोणाला न सांगता, मग बघा गंमत. बोलायच्या आधी लिहायचं, नाहीतर पहिला बोलेल त्याने सांगितलेलाच वास सगळ्यांना येतो. किंमत ओळखायचा खेळ मात्र लावू नका प्लीज, तिथूनच तर हे सगळं सुरू झालं. शेवटी फक्त बघायचं कुठली बाटली आधी रिकामी झाली. आणि एकेकाला थोडी थोडीच द्या, १५ टक्क्यांची वाईन आहे, चार चार ग्लास म्हणजे चाखणं राहत नाही, आणि दारू कुठलीही असो, तब्येतीला चांगली वगैरे म्हणून कोणी समर्थन करायला लागलं तर करू देऊ नकोस, ते दिवस गेले.

जेवायला तांबडा रस्सा नको त्या दिवशी. जड, तुरट, जास्त अल्कोहोलची वाईन तिखटावर पडली की तिखट पेटतं आणि दोन्ही वाया जातात. कमी तिखटाचं सुकं मटण कर, शाकाहारी लोकांना शेंगदाण्या-तिळाची भरली वांगी, सोबत थोडं चीज, चहात दूध घातल्यावर जसा तुरटपणा जातो तसंच चीज करतं. गोड मात्र वाईन संपल्यावरच आण, पुरणपोळीनंतर कुठलीही ड्राय वाईन आंबट-कडू लागते, ७० डॉलरची सुद्धा.

आणि तुमचा तो दरवेळचा ग्रुप फोटो आधी काढून घ्या, पेटिट सिराने दात जांभळे होतात.

तुझी,
ताई